जंतू एक, रोग अनेक

कुष्ठरोग एकाच जंतूमुळे होतो, पण दोन रुग्णांत तो सारखा दिसेलच असे नाही. एकाच्या दंडावर रुपयाएवढा फिकट, कोरडा चट्टा असतो. त्यावरची लव गेलेली असते, तिथे घाम येत नाही आणि डोळे मिटायला सांगून पेनाचे टोक टेकवले तर ते कळत नाही. त्या चट्ट्याचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली कितीही शोधला तरी बहुधा जंतू सापडत नाही. दुसऱ्याच्या अंगावर बोट ठेवून दाखवावा असा चट्टाच नसतो. त्याची कातडी तुकतुकीत व तेलकट झालेली असते, कानाच्या पाळ्या जाड होतात, भुवया बाहेरच्या टोकाकडून विरळ होतात, नाक कायम चोंदलेले राहते. त्याच्या कानाच्या पाळीला बारीक चीर देऊन आतला द्रव काचपट्टीवर घेतला आणि रंगवला, तर लाल काड्यांचे जुडगेच्या जुडगे दिसतात. ऊतीच्या एका ग्रॅममध्ये अब्जावधी जंतू असू शकतात. दोघांच्या शरीरात शिरलेला जंतू मात्र एकच, मायकोबॅक्टेरियम लेप्रे. फरक आहे तो शरीराने त्याला दिलेल्या उत्तराचा.

संसर्ग म्हटला की जंतूलाच रोग समजायची सवय सर्वांना असते. जंतू आला की रोग आला आणि जंतू मेला की रोग गेला, हा हिशेब पटकीला किंवा घटसर्पाला बऱ्याच अंशी लागू पडतो. कुष्ठरोगात तो पहिल्याच पायरीवर चुकतो. इथे चट्टा कसा उठेल, नस कधी जाईल, हात वाकडा होईल की नाही, हे मुख्यतः शरीर ठरवते. म्हणून शरीर संसर्गाला कसे तोंड देते हे समजून घ्यायचे असेल, तर याच्याइतका चांगला धडा देणारे रोग फार थोडे आहेत.

हा जंतू गेरहार्ड आर्मॉर हान्सेन यांनी १८७३ साली नॉर्वेतील बर्गेन येथे पाहिला. कॉखने क्षयाचा जंतू दाखवण्याच्या नऊ वर्षे आधीची ही गोष्ट. क्षयाचा जंतू प्रयोगशाळेत वाढवता आला. कुष्ठरोगाचा जंतू आजतागायत कोणत्याही कृत्रिम माध्यमावर वाढलेला नाही. १९६० मध्ये तो उंदराच्या तळपायात वाढवता आला आणि १९७१ मध्ये नऊ पट्ट्यांच्या आर्माडिलोमध्ये. या प्राण्याच्या शरीराचे तापमान माणसापेक्षा कमी असते, आणि या जंतूला थंडावाच मानवतो. माणसातही तो कानाची पाळी, नाक, भुवया, हातापायांची टोके अशा गार जागा धरतो. काख, जांघ, डोक्याची त्वचा या उबदार जागा बहुधा सुटतात. आतड्यातले साधे जंतू अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतात. याला सुमारे दोन आठवडे लागतात. त्यामुळे संसर्ग झाल्यापासून पहिले लक्षण दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे जातात, कधी वीसही.

२००१ मध्ये या जंतूचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला, तेव्हा त्याची दैन्यावस्था उघड झाली. क्षयाच्या जंतूकडे सुमारे चार हजार जनुके असतात. याच्याकडे चालती जनुके जेमतेम सोळाशे, बाकी नुसते अवशेष. यजमान पेशीच्या आधाराशिवाय जगण्याची क्षमताच तो गमावून बसला आहे. घटसर्प किंवा धनुर्वाताच्या जंतूप्रमाणे विष तयार करण्याचे कोणतेही साधन त्याच्याकडे नाही. माणसाच्या शरीरात तो वर्षानुवर्षे अब्जांच्या संख्येने राहतो आणि बराच काळ त्या माणसाला साधा तापही येत नाही. ज्याच्याकडे विष नाही, घाई नाही, फारसे बळही नाही, अशा जंतूने हजारो वर्षे माणसांचे हात-पाय-डोळे नेले, हे कोडे जंतूकडे पाहत बसून सुटत नाही.

बहुतेक माणसांचे शरीर या जंतूचा बंदोबस्त कोणाला कळू न देता करते. उपचार न घेतलेल्या, भरपूर जंतू असलेल्या रुग्णाच्या नाकातून जंतू बाहेर पडतात आणि दीर्घ सहवासात ते दुसऱ्याच्या श्वासमार्गातून आत जातात. तरी साधारण शंभरातल्या पंचाण्णव जणांना रोग होतच नाही. हान्सेनचे सासरे डॅनिएल डॅनिएलसेन यांना हा रोग आनुवंशिक वाटे. तो संसर्गजन्य नाही हे सिद्ध करण्यासाठी त्यांनी रुग्णांच्या गाठींतला अंश स्वतःला अनेकदा टोचून घेतला, आणि त्यांना काही झाले नाही. निष्कर्ष चुकीचा निघाला, पण प्रयोग खोटा नव्हता. त्यांचे शरीर समर्थ होते एवढेच. पुढे बाबा आमटे यांनीही प्रयोगासाठी स्वतःच्या अंगात जंतू टोचून घेतले, तेही रुजले नाहीत. कुष्ठरुग्णाच्या सावलीलाही भिणाऱ्या समाजाने वस्तुतः या दोन घटना पाठ करायला हव्या होत्या.

शरीराचे उत्तर सुरू होते ते भक्षकपेशींपासून. रक्तात आणि ऊतींत फिरणाऱ्या या पेशी परका कण दिसला की गिळतात. पण गिळणे आणि पचवणे ही दोन वेगळी कामे आहेत. या जंतूभोवती मेणचट स्निग्ध पदार्थांचे जाड आवरण असते; त्याच्या आधारे तो पेशीच्या पोटातच निवांत बसतो. मारण्यासाठी ज्या पेशीने पकडले, तिचेच घर होते. ती कोंडी फुटायची तर टी-पेशींची मदत लागते. गिळलेल्या जंतूचे तुकडे भक्षकपेशी आपल्या पृष्ठभागावर मांडते. ते ओळखणारी टी-पेशी भेटली की ती गॅमा इंटरफेरॉन नावाचे संदेशरसायन सोडते आणि त्या संदेशाने भक्षकपेशीची मारकयंत्रणा चालू होते. अँटिबॉडीज म्हणजे प्रतिपिंडे इथे फारशी उपयोगाची नसतात, कारण ती रक्तात फिरतात आणि जंतू पेशीच्या आत दडलेला असतो. दार बंद असलेल्या घराबाहेर कितीही पहारा बसवला तरी आतल्या माणसाला तो पोचत नाही.

ज्याच्या टी-पेशी हे काम जोमाने करतात त्याच्या त्वचेत जंतूंभोवती भक्षकपेशींची घट्ट गाठ बांधली जाते आणि तिच्या कडेला लसीकापेशींचे कडे बसते. जंतू जवळजवळ संपतात, आणि वर दिसतो तो एखाददुसरा कोरडा, बधिर चट्टा. ज्याच्या टी-पेशी या जंतूपुरत्या गप्प राहतात त्याच्या भक्षकपेशी चरबीने व जंतूंनी फुगून फेसाळ दिसू लागतात, आणि अशा पेशींचे थर त्वचेत पसरत जातात. रिडली आणि जॉपलिंग यांनी १९६६ मध्ये या दोन टोकांमध्ये पायऱ्या आखून दिल्या आणि कुष्ठरोगाचे वर्गीकरण जंतूच्या गुणांवर नव्हे, तर शरीराच्या प्रतिसादावर उभे केले. त्या रोगाच्या अभ्यासातले हे सर्वांत महत्त्वाचे पाऊल म्हणावे लागेल. बहुसंख्य रुग्ण मधल्या पायऱ्यांवर असतात आणि तिथे स्थिर राहत नाहीत. कधी या टोकाकडे सरकतात, कधी त्या. गावपातळीवर आरोग्य कर्मचारी पाचपर्यंत चट्टे असले तर ‘असांसर्गिक’ आणि त्याहून जास्त असले तर ‘सांसर्गिक’ अशी सोपी विभागणी करतात. तिच्या मुळाशीही हाच विचार आहे.

इथे एका लोकप्रिय समजुतीपाशी थांबावे लागते. ‘प्रतिकारशक्ती’ ही टाकीतल्या पाण्यासारखी मोजता येणारी गोष्ट आहे, कमी असली की रोग होतो आणि काढे, गोळ्या, पावडरी घेऊन ती भरता येते, असे आता घरोघरी मानले जाते. जंतूंनी भरलेल्या कुष्ठरुग्णाकडे पाहिले की ही कल्पना कोसळते. त्याची एकंदर प्रतिकारशक्ती बहुतेक वेळा ठीक असते. इतर जंतूंशी त्याचे शरीर चारचौघांसारखे लढते. कुष्ठरोगाच्या जंतूविरुद्ध त्याच्या रक्तात भरपूर प्रतिपिंडेही असतात, असांसर्गिक रुग्णापेक्षा कितीतरी जास्त. उणीव आहे ती एका विशिष्ट जंतूला ओळखून योग्य तो हुकूम देण्यात. जपानचे केन्सुके मित्सुदा यांनी मारलेल्या जंतूंचा अर्क त्वचेत टोचून पाहिला, तेव्हा असांसर्गिक टोकाच्या रुग्णाला तीन-चार आठवड्यांनी तिथे गाठ आली आणि सांसर्गिक टोकाच्या रुग्णाला काहीच आले नाही. शरीराकडे बळ असून चालत नाही. ते कोणाविरुद्ध, कोणत्या मार्गाने आणि किती वेळ वापरायचे याची जाण लागते.

याचा अर्थ दारिद्र्य, दाटीवाटीची घरे, अपुरे अन्न यांचा काही संबंध नाही असा मुळीच नाही. हा रोग गरिबांचा आहे आणि नॉर्वेतून तो नाहीसा होण्यात राहणीमान सुधारत जाण्याचाही वाटा होता. पण ‘अशक्त शरीर म्हणजे वाईट कुष्ठरोग’ हे सरळ समीकरण जुळत नाही. एचआयव्हीची साथ आली तेव्हा तज्ज्ञांची भीती अशी होती की या विषाणूने टी-पेशी संपल्या की कुष्ठरोग भडकेल. क्षयाच्या बाबतीत तसे झाले. कुष्ठरोगात तो भडका उडाला नाही. उलट एचआयव्हीची औषधे सुरू होऊन टी-पेशी पुन्हा वाढू लागल्या, तेव्हा काही रुग्णांत आधी न दिसलेले चट्टे लाल होऊन वर आले. रोग दिसू लागला तो शरीर सावरल्यावर.

शरीराच्या प्रतिसादाची खरी किंमत मोजावी लागते ती नसांना. हा जंतू मज्जातंतूभोवती आवरण बांधणाऱ्या श्वान पेशींमध्ये शिरतो. असे करणारा हा जवळजवळ एकमेव जीवाणू आहे. मुंबईचे विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर यांनी अगदी सुरुवातीच्या चट्ट्यांतले सूक्ष्म मज्जातंतू तपासून रोगाची सुरुवात तिथेच होते हे मांडले होते. नसेत जंतू शांतपणे बसलेला असतो तोवर नस बऱ्यापैकी काम करते. टी-पेशींना त्याचा पत्ता लागला की त्या नसेत शिरतात, सूज येते आणि नसेभोवतीचे ताठ आवरण ताणले जात नसल्याने आतले तंतू चेपले जातात. कोपराच्या आतल्या बाजूला हाडाच्या खाचेतून जाणारी नस अनुभवी कर्मचारी बोटाने चाचपतो. निरोगी माणसात ती मऊ, बारीक लागते. रुग्णात दोरीसारखी जाड, आणि दाबली तर रुग्ण कळवळतो. ही नस गेली की करंगळी व अनामिका बधिर होतात, मग आत वळतात आणि पंजा आखडतो. गुडघ्याजवळची नस गेली तर पाऊल लटकते, घोट्यामागची गेली तर तळवा बधिर होतो, चेहऱ्याची गेली तर डोळा मिटत नाही. मोजक्या जंतूंच्या रुग्णात, म्हणजे जिथे शरीर जिंकते आहे तिथे, हे नुकसान लवकर आणि जोरात होते. जंतूला मारताना शरीर स्वतःची नस मारते.

हे सर्वांत स्पष्ट दिसते ‘रिॲक्शन’मध्ये. रुग्ण आणि कर्मचारी हाच शब्द वापरतात. पहिल्या प्रकारात टी-पेशी अचानक जाग्या होतात. जुने चट्टे लाल, गरम, सुजलेले होतात, नस ठणकू लागते आणि काही दिवसांत हाताची ताकद जाऊ शकते. दुसरा प्रकार भरपूर जंतू असलेल्या रुग्णांचा. त्यांच्या रक्तातली ती निरुपयोगी ठरलेली प्रतिपिंडे फुटलेल्या जंतूंच्या अंशाशी जोड्या करून ऊतींत साचतात, आणि मग कडक ताप, हाता-चेहऱ्यावर दुखऱ्या लाल गाठी, सांधेदुखी, डोळ्याचा दाह असा उद्रेक होतो. १९६० च्या दशकाच्या मध्यात जेरुसलेममध्ये जेकब शेस्किन यांनी अशा रुग्णांना झोप यावी म्हणून थॅलिडोमाइड दिले आणि गाठी झपाट्याने ओसरल्या. गर्भातल्या बाळांना पंगू करणारे म्हणून जगाने टाकलेले हे औषध जंतूला हातही लावत नाही. ते फक्त शरीराचा उद्रेक शमवते. गर्भवती होऊ शकणाऱ्या स्त्रीला ते देणे आजही धोक्याचे असल्याने त्याचा वापर काटेकोर ठेवावा लागतो. पहिल्या प्रकारच्या रिॲक्शनवर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड कित्येक महिने, हळूहळू मात्रा उतरवत द्यावे लागते. तेही जंतू मारत नाही. संसर्गजन्य रोगातले सर्वांत तातडीचे औषध शरीरालाच आवरणारे असावे, यातच या रोगाचे मर्म आहे.

रिॲक्शन बऱ्याचदा उपचार सुरू झाल्यावर येते. बहुविध औषधोपचार, म्हणजे एमडीटी, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आला: रिफॅम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफॅझिमिन. असांसर्गिक रुग्णाला सहा महिने, सांसर्गिकाला बारा. पाकिटे जगभर फुकट मिळतात आणि पहिल्या काही मात्रांतच रुग्ण इतरांना संसर्ग देईनासा होतो. वैद्यकाचे हे मोठे यश आहे. पण रुग्णाच्या बाजूने पाहिले तर गोळ्या घेण्याआधी न दुखणारा एक डाग होता, आणि गोळ्या सुरू झाल्यावर डाग सुजला, हात दुखू लागला. ‘औषध बाधले’ असे समजून तो पाकीट बाजूला टाकतो, आणि त्यात त्याचा दोष नसतो. गोळ्या देताना कोणीतरी त्याला बसवून सांगायला हवे होते की सूज येऊ शकते, ती औषधाची नसून शरीराच्या जाग येण्याची आहे, आणि नस दुखली तर त्याच दिवशी यायचे. हे वाक्य न सांगितल्याने किती हात लुळे पडले असतील याचा हिशेब कुठेच नाही.

हिशेबातली ही पोकळी धोरणातही आहे. डिसेंबर २००५ मध्ये, दर दहा हजार लोकसंख्येमागे एकापेक्षा कमी रुग्ण या निकषावर, भारतात कुष्ठरोगाचे सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. हा आकडा मोजतो तो सध्या औषधे घेणाऱ्यांना. कोर्स संपला की नाव वहीतून जाते. पूर्वी दोन वर्षांचा असलेला सांसर्गिक रुग्णांचा कोर्स एका वर्षावर आणला, तेव्हा एकही माणूस कमी आजारी न पडता आकडा खाली येणार हे उघड होते. शरीर मात्र कोर्सच्या शेवटच्या पाकिटाशी बांधलेले नसते. मेलेल्या जंतूंचे अवशेष ऊतींत वर्षानुवर्षे राहतात आणि टी-पेशी त्यांच्यावरही चवताळतात, म्हणून औषध संपल्यावर दोन-तीन वर्षांनीही रिॲक्शन येऊ शकते. ‘बरा झाला’ म्हणून सोडलेला माणूस तेव्हा पुन्हा कोणाकडे जाणार? जंतू म्हणजेच रोग या समजुतीवर उभी असलेली यंत्रणा इथे रुग्णाला वाऱ्यावर सोडते. जगातल्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतात आढळतात, त्यामुळे हा प्रश्न इतिहासाचा झालेला नाही.

‘महारोगात बोटे झडतात’ हा समज तर शरीराच्या प्रतिसादाशीही थेट संबंधित नाही. वेल्लोरला काम करताना शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की जंतू बोटे खात नाही. नस गेल्यावर वेदना जाते, आणि वेदना गेली की तव्यावर भाजलेले, विळीवर कापलेले, खिळ्यावर टेकलेले कळत नाही. रात्री झोपेत उंदराने बोट कुरतडले तरी जाग येत नाही. जखम चिघळते, साधे जंतू हाडापर्यंत पोचतात आणि हाड आक्रसत जाते. वेदना हा शरीराचा पहारेकरी आहे; सुजेने तो मारला की उरलेले नुकसान साधे रोजचे जगणेच करते.

इतर संसर्गांतही हे तत्त्व कमीअधिक प्रमाणात दिसते. क्षयात फुप्फुसाला पडणारी पोकळी मोठ्या अंशी शरीराच्याच दाहाने पडते. २०२० मध्ये ब्रिटनमधील रिकव्हरी चाचणीत डेक्सामेथासोन या स्वस्त स्टेरॉइडने ऑक्सिजनवर असलेल्या कोविड रुग्णांचे मृत्यू कमी झाले. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना मात्र त्याचा फायदा झाला नाही. दाह हाच शत्रू झाला तेव्हा त्याला आवरणे जीवदान ठरले, आणि दाह अजून कामाचा होता तेव्हा आवरण्यात काही साधले नाही. ही सीमारेषा न पाळता, मधुमेह असतानाही सढळ हाताने दिलेल्या स्टेरॉइडची किंमत २०२१ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्राने म्युकरमायकोसिसच्या रूपाने मोजली. शरीराचा प्रतिसाद दाबणे आणि वाढवणे, दोन्ही शस्त्रे आहेत. त्यांची वेळ चुकली की ती उलटतात.

कुष्ठरोगाच्या प्रतिबंधातही हे ध्यानात ठेवावे लागते. क्षयासाठी दिली जाणारी बीसीजी लस कुष्ठरोगापासूनही काही प्रमाणात संरक्षण देते, कारण दोन्ही जंतू एकाच कुळातले आहेत. पण बांगलादेशात रुग्णांच्या संपर्कातल्या निरोगी माणसांना ती टोचली, तेव्हा त्यांतल्या काहींना थोड्याच आठवड्यांत असांसर्गिक कुष्ठरोगाचे चट्टे उमटले. जंतू आत आधीच होता. लसीने शरीराला जागे केले आणि रोग दिसू लागला. संपर्कातल्या माणसांना रिफॅम्पिसिनची एक मात्रा देऊन जंतूंची संख्याच खाली आणणे हा दुसरा मार्ग आहे. बांगलादेशातल्याच एका चाचणीत त्यामुळे पहिल्या दोन वर्षांत नवे रुग्ण निम्म्याहून जास्त घटले. भारताच्या कार्यक्रमातही आता ही मात्रा घरच्यांना आणि शेजाऱ्यांना दिली जाते.

ज्यांच्या नसा गेल्या त्यांच्यासाठी एकही गोळी नाही. मेलेली नस परत येत नाही. तिथे रोजची निगा हेच औषध: हातपाय पाण्यात अर्धा तास भिजवणे, घट्टा खरवडणे, वरून तेल लावून ओल धरणे, मऊ रबराच्या एमसीआर चपला घालणे, गरम भांडे फडक्याने धरणे. आणि रोज संध्याकाळी उजेडात बसून तळवे उलटून पाहणे, कारण जे आता बोटांना कळत नाही ते डोळ्यांनी शोधावे लागते.